चार गिअर मागे, एक पुढे

बुधवार, दुपारचे अडीच

तीर्थरूप बाबांस,

तुमच्या जावयाचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार नुसता कागदावरचा समजू नये. मी खरोखरच आठही अंगांनी जमिनीला टेकलेलो आहे. परवा पाठीत उसण भरली, आणि डॉक्टरांनी चार दिवस पालथं पडून राहायला सांगितलं आहे. छातीखाली उशी, पुढ्यात पोळपाट, पोळपाटावर हा कागद, असं लिहितो आहे. अक्षर तिरकं गेलं तर कागद थोडा फिरवून वाचावा. पाठ सोडली तर इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमचे डोळे कसे आहेत? मेहुण्यांकडची हवा मानवली का? सूनबाई तुमच्या चहात अजून चमचा सपाट करूनच साखर घालते का? असो. हे पत्र का लिहिलं ते पत्रात कुठेतरी येईलच. तुम्ही सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचू नये, एवढी विनंती.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही मेहुण्यांकडे राहायला गेलात आणि जाताना तुमची गाडी माझ्या स्वाधीन केलीत. सोबत सूचनांची वही दिलीत. दर रविवारी धुणे, दर मंगळवारी दहा मिनिटं चालू करून ठेवणे, आत बसून काहीही न खाणे, बाहेर उभं राहून खिडकीतून आत बघत खाणे हेही टाळणे. मी सगळं पाळलं. फक्त सतराव्या पानावर तेलाबद्दल काहीतरी होतं, आणि सोळा व सतरा ही पानं एकमेकांना चिकटली होती. परिणामी गेल्या वर्षी एका मंगळवारी गाडीने एक दीर्घ उसासा सोडला आणि इंजिन बसलं. बसलं म्हणजे असं बसलं, की दोन मेकॅनिक येऊन गेले आणि दोघांनीही टोपी काढली.

आता हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार? तुम्ही आयुष्यभर लोकांच्या गाड्या तपासल्यात, नापास केल्यात. तुमचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो गाडी कशी आहे, आणि मुलीची चौकशी त्यानंतर, वेळ उरला तर. शिवाय दर मंगळवारी तुम्हाला फोनवरून इंजिनाचा आवाज ऐकायचा असायचा. म्हणून मी आपल्या इमारतीच्या माळ्याला गाठलं. त्याच्याकडे गवत कापायचं यंत्र आहे. (बाबा, इथे जरा पाणी प्या.) गेले आठ महिने मंगळवारी सकाळी तुम्ही जो आवाज ऐकता, तो त्या यंत्राचा. एकदा तुम्ही म्हणालात, तिसरा प्लग नीट काम करत नाही, साफ कर. त्या यंत्राला मुळात एकच प्लग. पण तुमचा शब्द मोडवेना, म्हणून तो एक साफ केला, आणि पुढच्या मंगळवारी तुम्ही म्हणालात, आता कसं, गळा मोकळा झाला. यंत्र खरोखरच सुधारलं होतं. तेव्हापासून माळी दर सोमवारी मला विचारतो, उद्या साहेबांचा फोन आहे ना, दोन शंका आहेत.

हे असंच सुखाने चाललं असतं. पण डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तुम्ही बारा तारखेला इकडे येताय असं ठरलं, आणि पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा गाडीच बघायची आहे, असं तुम्ही कळवलंत. (हे ऐकून तुमच्या कन्येने फोन ठेवला आणि बराच वेळ एकच कपाट आवरलं.) नवं इंजिन मिळेना, या मॉडेलचं बनवणंच बंद झालं आहे. मग तिसऱ्या मजल्यावरचे आमचे शेजारी मदतीला आले. यांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणतात. ते म्हणाले, इंजिन हवंच कशाला? मोटर बसवा, बॅटऱ्या ठेवा, भंगारात सगळं मिळतं. जगात दोनच दिशा असतात, वर आणि खाली, आणि त्या दोन्ही विजेवर चालतात. मला हे पटलं. सगळ्याच गोष्टींपुढे हात टेकलेल्या माणसाला काहीही पटतं.

आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. तो वस्तू बघत नाही, उचलून बघतो. गोदामात खोकी उचलणारं ते दोन दातांचं वाहन असतं ना, त्याची एक मोटर त्याच्याकडे होती. (माझा सगळा जन्म कवळ्या बनवण्यात गेला, त्यामुळे दोनच दात असलेल्या कुणाहीबद्दल मला ममत्व वाटतं.) बॅटऱ्या मोडक्या स्कूटरांच्या आणि एका दवाखान्याने टाकलेल्या चाकाच्या खुर्च्यांच्या. अशा बारा. बॅटऱ्यांचं एकत्र कुटुंबासारखं आहे. अकरा जणी राबतात, बारावी रुसते, आणि सगळं घर बंद पडतं. ती बारावी कोण, हे शोधण्यात आमचे तीन आठवडे गेले. शेवटी कळलं की ती रोज बदलते.

खरी अडचण पुढे होती. मोटरचं तोंड वेगळं, तुमच्या गिअरबॉक्सचं तोंड वेगळं. दोघांना जोडायला मधे एक जाड लोखंडी तबकडी हवी, आणि एका केसाचाही फरक चालायचा नाही. लिफ्टकाका सुतळीने माप घेऊ लागले. तेव्हा मात्र माझ्यातला कारागीर जागा झाला. बाबा, तीस वर्षं मी लोकांच्या जबड्यांची मापं घेतली आहेत. मी माझा गुलाबी लगदा कालवला, गाडीखाली आडवा झालो, आणि गिअरबॉक्सच्या तोंडात तो भरला. सवयीने तोंडातून निघून गेलं, दोन मिनिटं हलू नका, नाकाने श्वास घ्या. गिअरबॉक्सइतका समजूतदार पेशंट मला आजवर मिळालेला नाही. त्यावरून साचा केला आणि लेथवाल्याकडे नेला. त्याने तो गुलाबी-पांढरा गोल दोन्ही हातांत धरून चारही बाजूंनी पाहिला आणि हलक्या आवाजात विचारलं, हा माणूस जेवतो काय? पण तबकडी अशी चपखल बसली की लिफ्टकाकांनी माझी पाठ थोपटली. (तेव्हा ती थोपटण्याजोगी होती.)

बाकीची जोडणी लिफ्टकाकांनी केली. त्यांच्या घरी जुन्या लिफ्टचं सामान पडलेलं असतं, त्यातलं त्यांनी मोकळ्या हाताने वापरलं. त्यामुळे गाडीचं दार नीट लागलं नाही तर एक बाई फार अदबीने सांगते, कृपया दार बंद करा. वजन जास्त झालं तर घंटा वाजते, आणि एक जण उतरल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. घंटा किती वजनाला वाजते, असं मी विचारलं. काका म्हणाले, चार माणसं. पण बॅटऱ्यांनाच तीन माणसांचं वजन आहे, हे नंतर लक्षात आलं. म्हणजे तुमच्या पाच माणसांच्या गाडीत आता एक माणूस बसतो. तोही शक्यतो बेताचा. (त्याच दिवसापासून आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं काकांनी दोनदा, न विचारता, सांगितलं.)

शनिवारी गाडी पहिल्यांदा चालू केली. आवाज अजिबात नाही. पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे गेली. दुसरा टाकला, अधिक जोरात मागे गेली. मग कुणीतरी मागचा गिअर टाकला, तर गाडी शहाण्यासारखी पुढे आली. मोटर उलटी फिरत होती. म्हणजे पूर्वी चार गिअर पुढे आणि एक मागे होता, आता चार मागे आणि एक पुढे. वायरी उलटसुलट करून पाहिल्या, तर मोटरमधून एवढ्या ठिणग्या उडाल्या की माळी बादली घेऊन धावत आला. त्या मोटरला आतून सवयच तशी लागली आहे. ती मोडायला एक लहानसा भाग बदलावा लागेल, आणि भंगारवाला तो शोधतो आहे. लिफ्टकाकांना मात्र यात दोषच दिसेना. वर जाणारी लिफ्ट खालीही येतेच, असं म्हणून ते जेवायला गेले.

आणि इंजिनाऐवजी मोटर बसवली की तुमच्या जुन्या ऑफिसात गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, तिची वेळ सोमवारी सकाळी अकराची ठरलेली. ती चुकली तर पुढची दीड महिन्याने. ऑफिस तीन किलोमीटर. पुढे जाण्याच्या त्या एकमेव गिअरमध्ये आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो, तेवढ्यात काठी टेकत चाललेल्या एका आजोबांनी आम्हाला मागे टाकलं, आणि जाता जाता विचारपूसही केली. शेवटी निर्णय घेतला. गाडी फिरवली, तोंड घराकडे केलं, आणि मागे बघत ऑफिसकडे निघालो. घंटा वाजत होती म्हणून एकाला उतरावं लागलं होतं, पण प्रवास एकंदरीत छान झाला. गाडी मागे जाताना आपोआप बोलते, सावधान, वाहन मागे येत आहे. (हा त्या मोटरचा गोदामातला जुना संस्कार.) तीन किलोमीटर ती हे बोलत होती. लोक आपणहून बाजूला होत होते. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

एकेरी रस्त्यावर वाहतूक पोलीस बाईंनी हात केला. त्या शांतपणे गाडीभोवती फिरल्या.

"कुठे निघालात?"

"समोर."

"कुणाच्या समोर?"

बाईंनी खिशातून पावत्यांचं पुस्तक काढलं, पेन काढलं, आणि तशाच थांबल्या. "हा एकेरी रस्ता आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "तुमची गाडी बरोबर दिशेने चालली आहे. तोंड चुकीच्या दिशेला आहे. नुसत्या तोंडासाठी मला दंड करता येत नाही." मग त्यांनी पुस्तक मिटलं. पुढे जा, म्हणाल्या. मग म्हणाल्या, म्हणजे मागे जा. मग म्हणाल्या, जा.

तपासणी ऑफिसच्या आवारात आम्ही मागच्या मागे शिरलो ते थेट रांगेतल्या पांढऱ्या चौकोनात. तिथल्या लोकांना वाटलं, कुणीतरी फार व्यवस्थित गाडी लावतंय. दोघांनी टाळ्या वाजवल्या. तपासायला आले ते तुमच्या हाताखाली होते तेच साहेब, पूर्वी फाईल घेऊन तुमच्या मागे चालायचे ते. आता त्यांच्या मागे दोघं चालतात. गाडी बघताच त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं, आणि पुन्हा उघडलं, जणू मधल्या वेळात इंजिन परत आलं असेल. सगळं खरं सांगितलं. त्यांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, गाडी दहा पावलं पुढे चालवून दाखवायला लावली. (दहाच पावलं, देवाची कृपा.) वहीत शेरा लिहिला, 'चालक संयमी'.

ते म्हणाले, गाडीत खोट नाही, खोट कागदात आहे. मालक साहेब, म्हणजे तुम्ही. मालकाच्या हातच्या सहीशिवाय इंजिन काढता येत नाही, आणि इथे तर ते आधीच काढलं आहे. मी म्हटलं, आत्ता फोन लावू का? त्यांचा चेहरा उतरला. "साहेबांना फोन नको," ते म्हणाले. "पत्र लिहा. पत्राला मधे दोन दिवस तरी मिळतात." आणि माझं नाव कुठेही घालू नका, असंही बजावलं. घातलेलं नाही.

तर असं सगळं आहे. पाठीचं विचाराल तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. लिफ्ट बंद असल्यामुळे बाराही बॅटऱ्या चार्जिंगसाठी जिन्याने तीन मजले चढवाव्या लागल्या, आणि रुसणारी त्या दिवशी खरोखर बारावीच निघाली, तिने माझी पाठ धरली. मेहुण्यांना आणि सूनबाईला नमस्कार. तुम्ही तब्येतीला जपा. रागावण्याचा विचार असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून रागवावं, ताण बरा नाही असं ऐकतो.

तुमचा आज्ञाधारक (सतरावं पान सोडून) जावई

ता. क. सोबत एक छापील कागद जोडला आहे. फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठवावा. वरचा मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही.

ता. क. जुनं इंजिन विकलेलं नाही. भंगारवाल्याने उचलून पाहिलं होतं, पण मी ठाम राहिलो. ते तुमच्याच खोलीत खिडकीपाशी ठेवून वर स्वच्छ चादर घातली आहे. पट्टी बांधलेली असताना हात लागला तर तिथे कुणी बसलं आहे असं वाटून बोलू नये.

ता. क. (हे माझ्या हातचं. यांना झोप लागली आहे, पोळपाटावरच.)

बाबा, पत्र वाचलं. बहुतेक खरं आहे. फक्त जिथे जिथे 'आम्ही निघालो', 'आम्ही शिरलो' आहे, तिथे 'मी' वाचा. यांना गाडी चालवता येत नाही. लग्नाआधी परवान्याच्या परीक्षेत तुम्हीच यांना चार वेळा नापास केलं होतंत. तुम्ही विसरलात, यांच्या अजून लक्षात आहे. सोमवारी घंटा वाजली तेव्हा उतरले ते हेच. तीन किलोमीटर गाडीच्या बाजूने पळत होते, हातात लाल टॉवेल घेऊन, आणि वाटेत प्रत्येकाला सांगत होते की गाडी सासऱ्यांची आहे.

तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगला मी आजवर हात लावला नव्हता. अठराव्या वर्षी मागितली तर म्हणालात, अजून लहान आहेस. तिसाव्या वर्षी म्हणालात, बघू. मग मी मागायचं सोडून दिलं. सोमवारी वयाच्या बावन्नाव्या वर्षी चालवली. पोलीस बाईंशी बोलले ती मीच. 'चालक संयमी' तो शेराही माझाच.

सही करा. बारा तारखेला स्टेशनवर मी न्यायला येईन. बॅटऱ्या सहाच ठेवीन, म्हणजे तुम्ही शेजारी मावाल. बसा, आणि घर येईपर्यंत काही शिकवू नका.