भाषा तपासताना

लोणी भापकर

प्रिय संस्कृती,

हे पत्र बसून वाच. गांजा ओढणाऱ्यांना आपली सवय हाताबाहेर गेलीय का ते ओळखता यावं, म्हणून तुम्ही पुण्यात मोबाइलवरचा वर्ग काढलात आणि तू फोन केलास, "आबा, गावाकडच्या माणसाला ही भाषा समजते का, तेवढं तपासून द्या." मला भारी वाटलं. दहावी नापास बापाकडून लेकीनं भाषा तपासून घ्यावी! डेअरीला दूध घालून आलो, चष्मा पुसला आणि वही, लाल पेन घेऊन बसलो.

पहिल्याच धड्यात चूक काढली. 'सेवन करता का' असं कोण विचारतं? 'ओढता का' लिही. पुढं प्रश्न होता, 'पूर्वीइतक्या गांजानं आता भागत नाही का?' भाषा सोपी, वहीत बरोबरची खूण केली. 'उठल्यावर किती वेळात ओढता?' इथंही खूण केली, पण पेन जरा थांबलं. धार काढायच्या आधी मी गोठ्यामागं जातो, ते तुला कुठं माहीत आहे! मग आला प्रश्न, 'गांजामुळं आवडीचं एखादं काम सुटलं का?' तिथं मी मोबाइल पालथा ठेवला.

मी कबड्डीचा पंच होतो, तुला खांद्यावर घेऊन इंदापूरपर्यंतची मैदानं फिरलो. तीन वर्षांपूर्वी लासुर्ण्याच्या सामन्यात मी गुणच विसरलो. दोन्ही संघ माझ्या तोंडाकडं बघत उभे. ओढूनच गेलो होतो. घरी येऊन गुडघे दुखतात म्हणालो आणि शिट्टी ठेवून दिली. तेव्हापासून तुझी आई बिचारी रोज तेल चोळते.

मोबाइल पालथा ठेवला त्याच रात्री तिला सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता भांडी उडणार. ती म्हणाली, "म्हंजी गुडघं धड हायती? मग उद्यापासनं माझं चोळा." आणि इतकी हसली की मलाही आवरेना. मग डोळे पुसत म्हणाली, "मला वास येत हुता. तुमी कधी बोलताय, वाट बघत हुते."

गांजा सुटला असं लिहायला आवडलं असतं. त्या रात्रीपासून बारा दिवसांत दोनदा ओढला. झोप लागत नाही, चिडचिड होते. चौथ्या धड्यात तसं लिहिलंय, म्हणून घाबरलो नाही. पण काल शाळेतल्या मुलींच्या सामन्यात पंच म्हणून उभा राहिलो. बत्तीस-एकोणतीस! एकही गुण चुकला नाही. घरी येताना शीळ घालत होतो म्हणे, आईनं सांगितलं.

तू खरंच भाषाच तपासायला दिली होतीस का, ते मी विचारणार नाही. पुढचं मात्र फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून हे पत्र. सोमवारी तुमची नवी तुकडी सुरू होतेय. यादीत आप्पासाहेब भापकर हे नाव दिसेल. गावात त्या नावाचे तिघे आहेत, पण तो मीच. हजेरी घेताना तेवढं 'आबा' म्हणू नकोस, बाकीचे हसतील.

तुझेच,
आबा