बकरीच्या दुधावरची पोर

आई, मला मुलगी झाली. काकी म्हणते, रंगानं ती तुझ्यावर गेलीय. मला तर अजून ती कुणासारखीच दिसत नाही, नुसती लालबुंद आणि तापट.

सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. दिवस राहिल्यावर काकी मला आर्णीच्या दवाखान्यात घेऊन गेली. तू गेल्यावर तिनंच मला वाढवलं, तर हेही तिच्याच वाट्याला आलं. तिथल्या समुपदेशक बाई हळू आवाजात म्हणाल्या, एचआयव्हीची तपासणी करून घेऊ, पण तुझी मर्जी असेल तरच. तू ज्या आजारानं गेलीस त्याचं नाव आपल्या तांड्यात अजून कुणी मोठ्यानं घेत नाही. मी पोटात असताना तुलाही असंच विचारलं होतं, तू हो म्हणालीस, औषध घेतलंस, म्हणून मला ते लागलं नाही. एवढं ठाऊक होतं. तरी रक्त देऊन बाकावर बसले तेव्हा सारखी आतल्या दाराकडे बघत होते, आणि मला धीर यावा म्हणून असेल, काकीनं तुझा विषय काढला.

तुला दूधच आलं नाही, असं मी जन्मभर ऐकत आले. तांड्यातली पोरं मला बकरीची पोर म्हणून चिडवायची. एकदा रडत घरी आले. तू चुलीपुढे भाकर थापते आहेस. मी विचारते, "तू मले काहून नाई पाजलं?" तू हसून म्हणतेस, "तू चावली असती मले." आणि गरम भाकरीला तूप लावून माझ्या हातात देतेस. मी कितीतरी दिवस रुसले होते तुझ्यावर.

"दूध नोतं कसं?" काकी म्हणाली. "लय होतं. तुई आजी दूध यावं म्हून डिंकाचे लाडू करून करून चारे, अन् तुई माय गुपचूप खाये. मंग न्हाणीत जाऊन पिळून टाके. झंपर वला होये, अंगात ताप भरे. मी पाह्यलं तं म्हणे, बाई, माह्यं दुखणं पोरीले नाई द्याचं मले. कोणाले सांगजो नोको."

आजीनं मायेनं केलेल्या प्रत्येक लाडवानं तुझा ठणका वाढत होता, आणि तू तो लाडू संपवत होतीस.

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाई म्हणाल्या, आता तर आजार असलेल्या आईनं रोज गोळी घेतली तर बाळाला अंगावर पाजताही येतं. मी बाहेर आले आणि काकीच्या पदरात तोंड खुपसून रडले. तुझ्या वेळी हे असतं तर, एवढंच मनात येत होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, हिचं काहीतरी वाईट निघालं.

हे पत्र कुठे पाठवणार? काकी लाडू घेऊन येईल, तेव्हा उशीखाली सरकवेन. पण एक सांगते. पोरीला पहिल्यांदा छातीशी धरलं, ती चुटूचुटू प्यायला लागली, सगळ्या जणी कौतुकानं बघत होत्या, आणि मला, आई, तिचा हेवा वाटला.