पाय सरळ होईना

४ मार्च
काल तिच्या ऑफिसच्या कुंपणावरून उडी मारली — तिथेच सगळं फिरलं! "फाटक उघडेपर्यंत दम निघत नाही का तुला?" हसत होती. त्या हसण्यासाठी छपरावरूनही मारली असती. आज उजवी जांघ ठणकतेय.

५ मार्च
पाय सरळ होत नाही. मांडी पुढून बधिर. आत रक्त साचतंय, मला कळतं. हिमोफिलिया म्हटलं की लोकांना वाटतं, बोट कापलं की संपला. खरी भीती आतल्या रक्ताची — दिसतच नाही! रक्त गोठवायची इंजेक्शनं आईच्या घरी, फ्रिजमध्ये. आई म्हणेल, "कॉलेज सोडलंस, आता जीव सोड." नाही जात.

६ मार्च
कमरेत वाकून चालताना तिनं पाहिलं. "आजोबा, काठी आणू?" मग माझा चेहरा बघितला. स्कूटरवर मागे बसवून थेट दवाखाना.

सर्जननं पोट दाबलं. "अपेंडिक्स. उद्या सकाळी काढू. आधीचा काही आजार?"

ती शेजारीच उभी. मागे तिला एक स्थळ आलं होतं, त्याला फिट यायची. तेव्हा म्हणाली होती, "जन्मभर नर्स होऊ का मी?"

"नाही," म्हणालो.

गाढव!

माझे रक्ताचे डॉक्टर दर वेळी बजावतात, "जांघ दुखली, पाय आखडला, तर आधी इंजेक्शन. अपेंडिक्ससारखंच दिसतं ते, सुरी कुणाला लावू देऊ नकोस." मामाची नुसती दाढ काढली होती. तेव्हा त्याचा आजार कुणालाच माहीत नव्हता. मामाला मी फक्त फोटोत पाहिलंय. पण मला तर माहीत आहे ना!

७ मार्च
डोळ्याला डोळा नाही. काल रक्त काढायला सुई टोचली, तिथून मनगटापर्यंत काळंनिळं. नर्स म्हणाली, "शीर नाजूक दिसतेय." एका सुईनं हे, तर सुरीनं काय? वॉर्डबॉय पोट भादरून गेला.

ती आली. "हातावर शाई सांडलीस का रे?" फुंकर घालत बसली. अगदी ओठांवर आलं होतं — गिळलं. भित्रट!

७ मार्च, थोड्या वेळानं
स्ट्रेचर आलं. थांबा म्हटलं. ती बाहेर बाकावर बसलीय, माझ्या चपला मांडीवर घेऊन. आधी तिला सांगणार, मग सर्जनना. निघालो, वाकूनच. दार मागून लावून घेतो — परत फिरायला नको.