मी नसताना घर राखणारी

९ जानेवारी

कुत्रा घ्यायचा. ठरलं! दाढी करताना ठरलं, त्या नादात गाल कापला.

जन्मात कुत्रं पाळलेलं नाही. पण वकीलसाहेब काल स्पष्टच म्हणाले, "मनाची तयारी ठेवा. पहारेकऱ्याची साक्ष तुमच्या विरुद्ध जाणार. दोन वर्षं धरून चाला." दोन वर्षं म्हणजे बुटकी अकराची तेराची होईल. ती दीडला शाळेतून येते, तिची आई कारखान्यातून सहाला. तोपर्यंत पोरगी एकटी. तळमजला, गल्लीचं शेवटचं घर, पलीकडे बंद गोदाम.

त्यात मंगळवारी भरदुपारी कुणीतरी येऊन कडी खडखडवली. "तुझा बाप कुठाय? बाहेर काढ त्याला!" मी कुणाचा तरी पंप दुरुस्त करायला गेलो होतो. परत आलो तर बुटकी पलंगाखाली. तासभर तिथेच होती. जेवणाचं ताटही तिने आत ओढून घेतलं होतं, पण खाल्लं काहीच नव्हतं.

१० जानेवारी

बायकोला कुत्र्याचं सांगितलं. "काहीतरीच! तुम्ही कुठे निघालात? तुम्ही काही केलेलंच नाही." वर भांडी आपटली. माझ्यावर नाही, कोर्टावर.

तिला मी तेच सांगितलंय ना! वकिलांना तेच, पोलिसांना तेच. इथे तरी खरं लिहावं. ही वही कोण वाचतंय — लिफ्टच्या देखभालीची जुनी नोंदवही, निम्म्या पानांवर ग्रीसचे डाग.

पाचव्या मजल्याच्या दाराचं कुलूप झिजलं होतं. दार नीट लागलं नाही की लिफ्ट हलत नाही. हलूच नये, त्यासाठीच ते कुलूप. पण लोक खोळंबले होते, जिन्यातून बोंबाबोंब चालली होती. मी वर मशीनच्या खोलीत गेलो आणि वीतभर तार जोडून कुलपाला चकवलं. लिफ्ट चालू! नवं कुलूप उद्या आणू म्हटलं. पाचव्यावर पाटी अडकवायची होती, तीही राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मजल्यावरच्या घड्याळजींच्या बायकोने ते दार उघडलं. लिफ्ट सातव्यावर होती. बाईंना कमी दिसायचं.

माणसं खाली धावली, मी वर धावलो. इमारतीच्या पहारेकऱ्याने तेवढं बघितलं. तार काढली आणि नंतर नाल्यात फेकली. "कुलूप जुनं होतं, मालकांना तीनदा कळवलं होतं" — हे सगळीकडे सांगतो. तेही खरंच आहे, म्हणून तर खपून जातं.

१६ जानेवारी

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई फटकळ. माझ्या हातातला कागद बघितला — मी पाच जाती लिहून नेल्या होत्या, वाण्याच्या यादीसारख्या.

"आधी कधी कुत्रा पाळलाय?"

"नाही."

"दिवसा घरी कोण?"

"अकरा वर्षांची मुलगी."

पेन घेऊन एकेक खोडायला लागल्या. डॉबरमन — मुलीला फरफटत नेईल. रॉटवायलर — नवशिक्यांनी त्या वाटेला जायचं नाही. लॅब्रॅडोर — गुणी, पण चोर आला तर त्याचे पाय चाटेल. बीगल — नाकाने वेडा, दार उघडं दिसलं की पसार. उरला जर्मन शेफर्ड. "हुशार आहे, पण पिल्लू आणलंत तर कामाचं व्हायला दीड वर्ष. तोवर तुमच्या चपला आणि पलंगाचे पाय."

"माझ्याकडे चार महिने आहेत."

"एवढी कसली घाई?"

"कामासाठी लांब जायचंय. दोन वर्षं."

"एकटेच?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायची आता सवय झाली आहे. पूर्वी कान लाल व्हायचे, आता होत नाहीत.

२ फेब्रुवारी

मिळाली. तीन वर्षांची मादी. आई शेफर्ड, बाप कोण ते देव जाणे. मालक गाव सोडून चालले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवख्या माणसाने जात बघण्यापेक्षा वाढलेलं, स्वभाव कळलेलं जनावर घ्यावं. काळी, एक कान उभा, एक पडलेला.

बुटकीने नाव ठेवलं मिरी. तिला खरं तर मांडीवर मावणारं, झुपकेदार काहीतरी हवं होतं. दारात मिरीला बघून दोन पावलं मागे सरकली. मग विचारलं, "बाबा, ही आपली?" तुझी, म्हटलं. तुझी आणि आईची.

पुढची गोष्ट फक्त मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "जो खायला घालील, फिरवील, त्याच्यामागे ती लागेल. तुम्ही जाणार ना? मग तुम्ही लळा लावू नका. नाहीतर तुमच्यामागे दाराशी बसून राहील, अन्न सोडील. मी बघितलीत अशी." म्हणजे मी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, वाडगा भरायचा नाही. हे मला जमेल असं वाटतं.

६ फेब्रुवारी

जमत नाही. सकाळी चहा घेत होतो. आली आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकली. जड, गरम. किती महिन्यांत कुणी इतकं निवांत माझ्याजवळ बसलेलं नाही. मी पाय काढून घेतला. तिला वाटलं खेळच. पुन्हा टेकली. पुन्हा काढला.

तिसऱ्या वेळी ढकललं. तिने वर बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

१५ फेब्रुवारी

बायकोचा संताप. "मुकं जनावर आहे ते! कुत्रा आणायची हौस तुमचीच, आणि आता हाडहाड करता?" बुटकी उठली. मिरीला घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

बायको वर म्हणाली, "कोर्टाचा राग तिच्यावर काढू नका. माझ्यावर काढा हवा तर." अशी आहे ती. तिच्या भावाने माझ्याबद्दल काही वेडंवाकडं काढलं, तर त्याच्याशी बोलणं टाकलं तिने. "माझा नवरा काम सोडून घरी येईल, पण अर्धवट काम करणार नाही" — असं ठणकावून सांगितलं त्याला. मी तिथेच होतो. पाणी पीत होतो, ठसका लागला.

१ मार्च

भुंकायला शिकवणं सुरू. आमच्या या बयेला माणसं आवडतात. गॅसवाला आला, शेपूट. मीटरवाला आला, शेपूट. डॉक्टरीणबाईंनी युक्ती सांगितली — एकाने चोर व्हायचं. बाहेर जाऊन कडी खडखडवायची. आतल्याने तिला चेतवायचं, भुंकली की शाबासकी, खाऊ. मग "बस" म्हणायचं, आणि त्या शब्दावर तिने थांबायचं.

चोर कोण होणार? मीच. घरात दुसरा आहे कोण!

संध्याकाळी साडेसहाला बाहेर गेलो, डोक्यावर पोतं घेतलं, कडी वाजवली. आतून बुटकीचं खिदळणं ऐकू आलं. मिरी भुंकली नाही. दाराच्या फटीत नाक घालून हुंगत होती. मला ओळखत होती.

१९ मार्च

रोज संध्याकाळी चोर. आज पहिल्यांदा भुंकली! नुसती भुंकली नाही, दारावर धडक मारली. आतून बायकोचं "शाबास! शाबास गं!" मग "बस", आणि एकदम शांत. मी बाहेर पोतं धरून उभा. पलीकडच्या गोदामाचा रात्रपाळीचा राखणदार बघत होता, तो म्हणाला, "काय, घरात घेत नाहीत का?" हसलो दोघेही.

३ एप्रिल

कोर्ट. घड्याळजी नेहमीसारखे तिसऱ्या बाकावर. दुकान बंद करून प्रत्येक तारखेला येतात. गळ्यात ते एका डोळ्याचं भिंग लोंबत असतं, काढायचं विसरतात. माझ्याकडे असे बघतात की मी माझ्या बुटांच्या नाड्या मोजतो.

पहारेकरी साक्षीत गडबडला. "वर गेले होते... बहुतेक. की आदल्या दिवशी?" वकीलसाहेबांनी त्याचा पार भुगा केला. बाहेर येऊन माझी पाठ थोपटली. "तार सापडलीच नाही ना! नसलेल्या तारेवर शिक्षा कशी देणार?" बायको ऐकत होती. तिने तिथेच डोळे मिटून हात जोडले.

मला आनंद व्हायला हवा होता. जिन्याखाली जाऊन ओकलो.

२० एप्रिल

दुपारी पुन्हा कुणीतरी कडी खडखडवली. मी घरी नव्हतो. बुटकीने सांगितलं, "बाबा, मिरीने एवढा धिंगाणा केला की तो पळालाच! मी पलंगाखाली नाही गेले." छाती पुढे काढून सांगत होती. मिरी तिच्या पायाशी, जीभ बाहेर, स्वतःवर खूश.

काम झालं. दोघी निभावतील. मी गेलो तर.

आणि नाही गेलो तर? तो विचार मनात येऊ देत नाही. तुरुंगाचा विचार सोपा आहे. तिथे निदान सगळे मला मी जो आहे तोच समजतील.

६ मे

उद्या निकाल. पिशवी भरून ठेवली, दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान. बायकोने ती रिकामी केली आणि सदरे पुन्हा कपाटात ठेवले. "अपशकून करू नका." मी पुन्हा भरली नाही.

सुट्टी लागलेली, बुटकी मैत्रिणीकडे गेली होती. घरात मी आणि मिरी दोघेच. ती दाराशी पसरली होती. इतके दिवस पथ्य पाळलं, आज म्हटलं एकदा डोक्यावरून हात फिरवावा. जवळ गेलो, हात पुढे केला. ती उठली, अंग चोरून पलीकडे जाऊन बसली. गुरगुरली नाही. नुसती माझ्यापासून लांब.

७ मे

निर्दोष. पुरावा अपुरा.

कोर्टाच्या जिन्यात घड्याळजींनी गाठलं. मला वाटलं मारतील. हात जोडले हो त्यांनी! "वर्षभर तुम्हाला तळतळाट दिले. तुमची चूक नव्हती. मला माफ करा, पोराबाळांचा संसार आहे तुमचा." डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "तार मीच लावली होती. काढलीही मीच." बोलून मोकळा झालो तेव्हा दिसलं — बायको माझ्या मागेच उभी होती.

ती रिक्षाने पुढे निघून आली. मी चालत. आता दाराबाहेर पायरीवर बसून लिहितो आहे. दोनदा कडी वाजवली. मिरी आतून जीव तोडून भुंकते आहे. दोघीही आत आहेत, चपला दिसतात.

"बस" कुणीच म्हणत नाही.