कुंडीतली ब्राह्मी

मंगळवार, संध्याकाळ. थळ

ब्राह्मीने आज माझा घोर अपमान केला. शेजारच्या बॉटनीच्या बाई म्हणाल्या, "सर, तुमच्या कुंडीतली ही सेन्टेला, म्हणजे मंडूकपर्णी. काहीजण ब्राह्मी म्हणतात ती बकोपा, वेगळी." एवढं संस्कृत शिकून हे ऐकायचं! भाजीवाली हिराबाई हसली, "मास्तर, ह्यो कारिवणा हाय. वयनींनीच न्हाय का मना बांधावर दाखवला?"

हो, माझ्या बायकोनेच, सुमतीनेच. तिचं विसरणं वाढलं म्हणून तर ही कुंडी. रोज तिला पाच पानं देतो. आज तिने पान उलटसुलट पाहिलं, हुंगलं, विचारलं, "काय हो हे?"

उद्या बकोपाही लावतो. दोन्ही देईन. पण ते पान हुंगूनही तिला आठवलं नाही... खरं लिहितो. तिच्या आठवणीतून कारिवणा गेला, आता माझी पाळी, याची भीती वाटते.