साक्षीदाराचं नाव

७ जानेवारी २०२५, मंगळवार

चारही मशिनी गेल्या. मी मासळी आणायला बाजारात गेले, तेवढ्यात ह्यांनी टेम्पो बोलावला. परत आले तर पुढची खोली रिकामी, दाराला नवं कुलूप. सोळा वर्षं तिथे माझा शिवणक्लास होता. अर्ध्या रेवदंड्याच्या मुली तिथे शिकल्या!

विचारलं, तर म्हणाले, आता मी घरी आलोय, तुला क्लासची गरज काय. मी म्हटलं, मला गरज आहे. त्यावर हात उचलला. सून समोरच उभी होती – जवेरिया, भाताचं पातेलं घेऊन.

एकोणतीस वर्षं हे कुवेतला. दोन वर्षांतून एकदा दीड महिना यायचे, तेव्हा पाहुण्यासारखं जपलं. मागच्या मे महिन्यात कायमचे आले. ह्या माणसाला मी ओळखतच नाही.

९ जानेवारी

मुली आल्या, कुलूप बघून परत गेल्या. मी बाहेर आलेच नाही. गालावर वळ आहे अजून.

१२ जानेवारी

जमातीच्या वडीलधाऱ्यांकडे गेले आणि खुला मागितला. निकाहातून मोकळं करा म्हटलं. त्यांनी ह्यांना बोलावून विचारलं. हे म्हणाले, देणार नाही. मग सगळे मला समजावायला लागले – सब्र करा, सत्तावन्नाव्या वर्षी कुठे जाल?

संध्याकाळी बहरीनहून मुलाचा, आमिरचा फोन. ह्यांनीच कळवलं असणार. अब्बांनी आपल्यासाठी जन्मभर खस्ता खाल्ल्या, म्हणाला. खाल्ल्या, खरंच. पण इथे एकटीने त्याला आणि इनशाला कोणी वाढवलं?

१५ जानेवारी

अलिबागला इनशाकडे. लेकीने वकीलबाई शोधून ठेवल्या होत्या, रुचिका मॅडम. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. नवऱ्याने खुला नाकारला तरी बाईला कोर्टात तलाक मागता येतो, म्हणाल्या. निकाहनामा आणा. मग लिहिता लिहिता थांबल्या.

"मारलं तेव्हा कोणी पाहिलं?"

नाव अगदी तोंडावर आलं. पण जवेरियाला त्याच घरात राहायचंय. माझ्या मुलाची बायको ती. उद्या आमिर तिला काय म्हणेल? विचार करून सांगते म्हटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

हे जुम्म्याच्या नमाजला गेले तसं कपाट उघडलं. निकाहनामा कुवेतच्या जुन्या कागदांच्या तळाशी. घाईत फाइल सुटली, सगळे कागद जमिनीवर! मान वर केली तर दारात जवेरिया.

ती वळली, ओटीवर गेली, रस्त्याकडे बघत उभी राहिली. मी शेवटचा कागद जागेवर ठेवेपर्यंत हलली नाही.

म्हणून रात्री ताटं पुसताना विचारलंच – कोर्टात सांगशील का, पाहिलंस ते? ती खूप वेळ एकच ताट पुसत होती.

"विचार करू द्या, अम्मी."

२४ जानेवारी

उत्तर नाही. परत विचारायची माझी हिंमत नाही. ह्यांना संशय आलाय, आज माझी पर्स उलटी केली. निकाहनामा आधीच इनशाकडे पोचवलाय. नाहीतर संपलंच होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

केस दाखल झाली.

डॉक्टरकडे जाते सांगून निघाले. रिक्षात सारखी मागे वळून बघत होते. कोर्टात पानापानावर सह्या. साक्षीदारांची नावं नंतर देता येतील, मॅडम म्हणाल्या. मी जवेरियाचं सांगितलंय त्यांना, पण तिचा होकार नाही तोवर लिहू नका म्हटलं.

घरी परत गेले नाही. इनशाकडून फोन करून ह्यांना मीच सांगितलं. मला वाटलं ओरडतील.  पण हळूच म्हणाले, "मग मी परत कशासाठी आलो?"

मी फोन ठेवून रडले. पहिल्यांदाच त्यांची कीव आली. तरी जाणार नाही.

८ फेब्रुवारी

आमिर फोन उचलत नाही. मेसेज आला फक्त – तुला आई म्हणायची लाज वाटते. इनशा म्हणाली, पुसून टाक. नाही पुसला.

११ फेब्रुवारी

जवेरियाचा फोन. साक्ष देते म्हणाली. मी दुवा द्यायला लागले, तिने थांबवलं.

"आमिरपण मारतात, अम्मी. मागच्या सुट्टीत तर तुम्ही शेजारच्याच खोलीत होतात. वकीलबाई माझी केस घेतील का?"

ऐकलं होतं मी. सगळं ऐकलं होतं.

नंबर दिला.