मेल्विनाच्या पलंगाखालचा ढोल

प्रिय शर्नेल,

फोन करत नाही, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. त्या ट्रेव्हॉनशी लग्न ठरवायच्या आधी माझ्या पत्राची वाट बघ म्हटलं, तर केवढी चिडलीस. "दोघांचं आडनाव स्वीनी म्हणून काय झालं आजी, इथे लेस्टरमध्ये कोण विचारतंय?" लेस्टरमध्ये नसतील विचारत. मी विचारते.

आडनावाचं भय मला नव्हतंच. कुठल्याशा आयरिश मळेवाल्यानं गुरांना डाग द्यावा तसं आपल्या गुलाम पूर्वजांना ते नाव दिलं. निम्म्या स्वीनींचं नातं त्याच्या उसाशी, एकमेकांशी नाही. चर्चचे कागद आपल्या बेटावरच्या प्लिमथ शहराबरोबर ज्वालामुखीच्या डोंगरानं राखेखाली घातले, पण माझी शंका कुठल्या कागदावर नव्हतीच.

म्हणून परवा चर्चची टोपी घातली आणि लूकआउट गावाला गेले, ट्रेव्हॉनच्या आजीकडे. डोंगर फुटायच्या आधी ही मेल्विना कॉर्क हिलला राहायची, आम्ही किन्सेलला. तुझा आजोबा दर शनिवारी तिच्या घरी जायचा आणि घामाघूम होऊन परतायचा. विचारलं की म्हणे, "पाय मोकळे करून आलो." तिचा नवरा तेव्हा दूर अरुबा बेटावर, तेलाच्या कारखान्यात. मी काय दूधखुळी? तेव्हापासून तिच्याशी बोलले नाही. राखेतून पळून आलो तेव्हा शाळेतल्या निवाऱ्यात तिची खाट माझ्या शेजारी आली, तरी पाठ करून झोपले.

दारातच विचारलं, "मेल्विना, तुझा पोरगा, ट्रेव्हॉनचा बाप, कुणाचा?"

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "अर्नेस्टीन, हे पोटात ठेवून तुला एवढी वर्षं अन्न पचलं कसं गं?" आणि हसत सुटली, कवळी हातात घ्यावी लागली. "तुझा जोसाया आमच्या अंगणात पहिल्यांदा आला तेव्हा माझा पोरगा पळायलासुद्धा लागला होता. माझ्या बापाकडून ढोल शिकायला यायचा तुझा नवरा! तुझ्या घरात सोय होती का?"

नव्हती. जंबी नाचाचा ढोल म्हणजे भुतांना आवतण, असं चॅपलनं आमच्या डोक्यात भरलेलं. मेल्विनानं तो पलंगाखालून ओढून काढला. घरदार राखेत सोडलं बयेनं, पण ढोल उचलून आणला. कातड्याच्या कडेला अजून तांबडे केस, मध्ये पांढरा पट्टा. अगं, माझी शेळी! जी शेजाऱ्यानं चोरली म्हणून मी गावभर बोंबलत होते ती.

"बाईचं कळलं असतं तर तू भांडी फेकली असतीस," मेल्विना म्हणाली. "ढोलाचं कळलं असतं तर त्यालाच फेकलं असतंस." खोटं कशाला बोलू?

तेव्हा पोरी, तुझा आजोबा ट्रेव्हॉनचा कुणीही लागत नाही. खुशाल लग्न कर. थडग्याशी जाऊन त्याला चार शब्द सुनवावे म्हटलं, तर तेही राखेखाली, आणि तिकडे कुणाला सोडत नाहीत. म्हणून लग्न इथे येऊन करा. शेळीचा रस्सा मी करीन. मीठ किती ते मेल्विना सांगेल, मी ऐकणार नाही. ट्रेव्हॉनच्या बापाला मात्र नक्की आण. त्याला ढोल तुझ्या आजोबानंच शिकवला म्हणे. माझा नवरा माझ्यापासून चोरून काय वाजवायचा, ते मला एकदा ऐकायचंय.

तुझीच, परवापासून निवांत झोपणारी,
आजी अर्नेस्टीन